उसनें मैदान

खेळाची गोष्ट निघाली कीं आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो मैदानाचा. मैदान कोठें आहे, तें कोणाच्या मालकीचें आहे, त्यास कुंपण आहे काय, प्रेक्षकांस बसावयास पायऱ्या आहेत काय, अशी चौकशी प्रथम होते. आणि या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं नाहींत, म्हणजे "आमच्या मुलांस खेळावयास जागाच नाहीं" असा निकाल देऊन वडील मंडळी मोकळी होतात. मैदान असावें, हें कोण नाकारील? परंतु खेळाचें जीवन मैदानाच्या मालकीवर अवलंबून आहे, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. उलट, एका दिवसापुरती मागून घेतलेली आणि सायंकाळीं जशीच्या तशी परत करावयाची अशी उघडी जमीन मुलांस जें शिकवूं शकते, तें कायमचें बांधलेलें क्रीडांगण पुष्कळदां शिकवीत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. या मताच्या पुष्टीसाठीं, आपल्याकडे अद्याप फारसा परिचित नसलेल्या एका खेळाची साक्ष आम्ही काढणार आहों. तो खेळ म्हणजे डिस्क गोल्फ. आणि त्यांतही, चढउताराच्या मोकळ्या माळावर एकदोन दिवसांपुरता मांडलेला डिस्क गोल्फ.

प्रथम खेळाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. गोल्फमध्यें लहानसा चेंडू काठीनें टोलवीत दूरच्या भोंकांत घालावयाचा असतो. येथें काठी नाहीं, चेंडू नाहीं आणि भोंकही नाहीं. खेळाडूच्या हातीं एक प्लॅस्टिकची तबकडी असते; तिचा व्यास २१ सेंटिमीटर किंवा त्याहून थोडा अधिक, आणि वजन साधारणपणें १५० पासून १८० ग्रॅमपर्यंत. दूर एक लोखंडी खांब रोंविलेला असतो. त्याच्या मध्यावर गोल टोपली, आणि टोपलीच्या वर सांखळ्यांचा झुबका लोंबत असतो. तबकडी सांखळ्यांवर आदळली, कीं तिचा वेग हरपतो आणि ती टोपलींत पडते. ठरलेल्या जागेवरून पहिली फेंक करावयाची. तबकडी जेथें पडेल तेथें जाऊन तेथूनच पुढची फेंक करावयाची. आणि जो सर्वांत कमी फेंकींत सारे टप्पे पुरे करील तो विजयी. असे टप्पे नऊ किंवा अठरा असतात. तबकडीचें नांव घेतांच आमच्या बालवाचकांस सुदर्शनचक्राची आठवण होईल. परंतु तें चक्र काम उरकून धन्याच्या हातीं परत येई, असें पुराणांत सांगितलें आहे. ही तबकडी परत येत नाहीं. ती जेथें पडेल तेथें फेंकणाऱ्यास स्वतःच्या पायांनीं जावें लागतें. या खेळांतील निम्मी शिकवण या चालण्यांतच आहे.

या खेळाचा इतिहासही आमच्याच मताची साक्ष देतो. १९२६ सालीं कॅनडांतील सस्कॅचेवान प्रांतांत, ब्लॅडवर्थ नांवाच्या एका लहान गांवीं, प्राथमिक शाळेचीं कांहीं मुलें डब्यांचीं पत्र्याचीं झांकणें घेऊन खेळूं लागलीं. शाळेच्या आवारांत जेथें रेताड जागा होती तेथें त्यांनीं सुमारें चार फूट रुंदीचीं वर्तुळें आंखलीं आणि झांकण फेंकून त्या वर्तुळांत पाडण्याची चढाओढ लावली. आपल्या खेळास त्यांनीं "झांकणांचा गोल्फ" अशा अर्थाचें नांवही दिलें. मुलें मोठीं झालीं, पांगलीं, आणि तो खेळ तेथेंच संपला. पुढें फ्रेड मॉरिसन या अमेरिकन गृहस्थानें उडणाऱ्या तबकडीचा नमुना सिद्ध केला व व्हॅम-ओ या कंपनीनें १९५७ सालीं ती तबकडी फ्रिस्बी या नांवानें बाजारांत आणिली. त्याच कंपनींत काम करणाऱ्या एड हेड्रिक यानें तबकडीच्या घडणींत सुधारणा केली. १९७५ सालीं कॅलिफोर्नियांतील ओक ग्रोव्ह उद्यानांत त्यानें या खेळाचें पहिलें कायमचें क्रीडांगण आंखलें. तेथें प्रारंभीं टोपल्या नव्हत्या. नुसते खांब होते, आणि तबकडी खांबास लागली कीं टप्पा पुरा झाला असें मानीत. सांखळ्यांच्या टोपलीचें पेटंट हेड्रिकला १९७७ सालीं मिळालें. त्यापूर्वी १९७६ सालींच खेळाडूंची संघटना स्थापन झाली होती. आज जगांत या खेळाचीं दहा हजारांहून अधिक क्रीडांगणें असून त्यांतील बहुतेक ठिकाणीं खेळण्यास कांहींच शुल्क पडत नाहीं. परंतु ध्यानांत घ्यावें तें हें, कीं टोपली मागाहून आली, खांब तिच्यापूर्वी आला, आणि खांबाच्याही पूर्वी शाळेच्या आवारांत रेतींत आंखलेलीं वर्तुळें होतीं. साहित्यानें खेळ जन्मास घातला नाहीं. खेळानें साहित्य जन्मास घातलें.

आतां मोकळ्या माळाकडे वळूं. अमेरिकेंतील कॅन्सस राज्याच्या पूर्व भागांत फ्लिंट हिल्स या नांवाचा एक विस्तीर्ण टापू आहे. त्यास टेकड्या म्हणावें तर त्यांस शिखरें नाहींत. सपाटी म्हणावें तर नजर कोठेंही सपाट ठरत नाहीं. समुद्राच्या लाटा जागच्या जागीं थिजून त्यांवर गवत उगवावें, तसा तो प्रदेश दिसतो. खालीं चुनखडीचा दगड आणि त्यांत गारगोटीसारख्या कठीण दगडाचे थर. वर मातीचा पातळ पापुद्रा. या दगडांमुळें तेथें नांगर चालला नाहीं, आणि नांगर चालला नाहीं म्हणूनच तेथील गवत वांचलें. उत्तर अमेरिकेंत एके काळीं उंच गवताचीं कुरणें अफाट पसरलीं होतीं. त्यांपैकीं आज शेंकडा चारच्या आसपास उरलीं आहेत, आणि त्यांतला मोठा वांटा या फ्लिंट हिल्समध्यें आहे. १९९६ सालीं तेथील कुरणाचा कांहीं भाग राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र म्हणून राखून ठेवण्यांत आला. याच टापूच्या कडेस एम्पोरिया नांवाचें एक शहर वसलें असून डिस्क गोल्फच्या जगांत त्या शहराचें नांव मोठ्या आदरानें घेतात. २०१६ आणि २०२२ या दोन्ही सालीं व्यावसायिक खेळाडूंच्या जागतिक विजेतेपदाचे सामने तेथें झाले. २०२२ च्या सामन्यांचा एक भाग तेथील चेंडूच्या गोल्फच्या मैदानावर टोपल्या उभारून व दोर ताणून खेळविण्यांत आला. त्या वर्षीं पुरुषांत अमेरिकेचा पॉल मॅक्बेथ व स्त्रियांत एस्टोनियाची क्रिस्टिन टाटर विजयी झालीं. म्हणजे जगांतील सर्वश्रेष्ठ मान मिळविण्यासाठींही उसनी जागा पुरली!

असें हंगामी क्रीडांगण कसें मांडतात, तें पाहण्यासारखें आहे. जमिनीच्या मालकाची परवानगी घेतल्यावर दोघेचौघे जाणते खेळाडू सगळा माळ पायांनीं हिंडून पाहतात. कोठें चढ आहे, कोठें घळ आहे, पाणी कोठें सांचतें, वारा बहुधा कोणत्या बाजूनें येतो, हें पाहून ते प्रत्येक टप्प्याची फेंकीची जागा व टोपलीची जागा ठरवितात. मग निशाणें रोंवितात, अंतरें मोजतात, उचलून नेतां येण्याजोग्या टोपल्या उभ्या करितात आणि हद्दीच्या खुणेसाठीं दोर ताणतात. टप्पा नवशिक्यांसाठीं साठ-सत्तर मीटरांचा असूं शकतो. निष्णातांसाठीं तो तीनशें मीटरांचाही असतो. एवढी तयारी झाली कीं काल जेथें नुसता माळ होता तेथें आज क्रीडांगण उभें राहतें. आणि उद्यां पुनः माळच असतो.

या रीतीवर जाणत्या लोकांकडून कांहीं आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार केल्यावांचून आमचें मत मांडणें न्यायाचें होणार नाहीं.

पहिला आक्षेप असा, कीं मोकळ्या माळावर झाडें नसतात, आणि झाडें नसलीं कीं कौशल्यास वाव नसतो. ज्याच्या दंडांत जोर अधिक तो जिंकतो. झाडांच्या अरुंद वाटेंतून तबकडी नेणें ही मोठी कला आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु झाड हा दिसणारा अडथळा आहे. माळावरचा अडथळा दिसत नाहीं. उजव्या हाताच्या खेळाडूनें हात छातीसमोरून बाहेर झटकून फेंकलेली तबकडी वेग ओसरतां ओसरतां डावीकडे झुकते, हा सामान्य नियम होय. तीच तबकडी समोरून येणाऱ्या वाऱ्यांत फेंकली तर ती वर उचलली जाते आणि उजवीकडे कलंडूं पाहते. पाठीमागून वारा असेल तर ती लवकर खालीं बसते आणि डावीकडे अधिक ओढली जाते. त्यांत उताराची भर पडते. टोपली उतारावर असली तर चुकलेली तबकडी कडेवर उभी राहते आणि गाडीच्या चाकाप्रमाणें घरंगळत तळाशीं जाते. चार हातांची फेंक चुकावी आणि पुढची फेंक चाळीस हातांवरून करावी लागावी, असा प्रसंग तेथें नित्याचा आहे. अशा जागीं केवळ जोरदार हाताचा खेळाडू सर्वांत आधीं फसतो. जो गवताचें टोंक कोणीकडे वांकलें आहे हें पाहतो, थांबतो, आणि जवळच्या मोहांत न पडतां तबकडी सुरक्षित ठेवतो, तो पुढें जातो. शक्तीस बुद्धीनें लगाम घालण्याचें शिक्षण याहून चांगलें कोठें मिळेल?

दुसरा आक्षेप दोरांविषयीं आहे. मोकळ्या जागेंत हद्द नसते म्हणून दोर ताणून ती कृत्रिमपणें निर्माण करितात. दोराच्या आंत पडलेली तबकडी निर्दोष आणि वीतभर बाहेर पडलेली दोषी, तिला एका फेंकीचा दंड. हा कसला न्याय, असें अनुभवी खेळाडूही विचारतात. दोर मनमानेल तसा ताणला तर हा आक्षेप खरा आहे, आणि तसें करणाऱ्या आयोजकांचा दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. परंतु दोर जमिनीचा कल पाहून विवेकानें ताणला असेल, तर त्यास कृत्रिम म्हणण्यांत अर्थ नाहीं. खेळाची प्रत्येक रेषा माणसानेंच आंखलेली असते. खोखोचा खांब काय आपोआप उगवला? दोर हा सर्वांनीं मिळून दिलेला शब्द आहे. आणि दिलेला शब्द पाळण्यांतच खेळाची नीति आहे. या खेळांत बहुधा पंच जवळ नसतो. तीनचार खेळाडूंचा गट एकत्र चालतो, एकमेकांच्या फेंका मोजतो आणि वादाचा निर्णय बहुमतानें करितो. बहुमत होत नसेल तर ज्याची फेंक असेल त्याच्या बाजूनें निर्णय द्यावा, असा नियम आहे. टोपलीपासून दहा मीटरांच्या आंत असतां फेंक केल्यावर तोल सांवरल्यावांचून पुढें पाऊल टाकावयाचें नाहीं, हाही नियम पाळावयाचा तो आपला आपणच. उंचवट्यापलीकडे तबकडी दोराच्या आंत पडली कीं बाहेर, हें पुष्कळदां तेथें आधीं पोंचलेल्या एकट्या मुलासच ठाऊक असतें. तेथें तो जें सांगेल, तो त्याच्या चारित्र्याचा खरा दाखला होय. गुणपत्रिकेवर असा दाखला छापतां येत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कायमचें क्रीडांगण रोज उघडें असतें. गरीब मुलगा केव्हांही एकच तबकडी घेऊन तेथें जाऊं शकतो. त्यास कोणाच्या आमंत्रणाची वाट पाहावी लागत नाहीं. हंगामी मांडणी मात्र कोणी मांडील तेव्हांच असते. हें अगदीं खरें आहे, आणि ओक ग्रोव्हसारख्या क्रीडांगणांचें श्रेष्ठत्व याच कारणासाठीं आम्ही मान्य करितों. जेथें सार्वजनिक उद्यान आहे, तें राखावयास माणसें आहेत आणि जमिनीस अपाय होणार नाहीं, तेथें कायमच्या टोपल्या जरूर असाव्या. परंतु प्रत्येक जमीन कायमची मागूं नये, हेंही तितकेंच खरें आहे. फ्लिंट हिल्सचें उदाहरण पुनः घेऊं. खेळ अधिक रंजक व्हावा म्हणून त्या कुरणांत कोणी झाडें लावूं लागला, तर तें आपल्या दृष्टीस पुण्यकर्म वाटेल. पण त्या गवतास तें मारक ठरेल. तें कुरण वणव्यानें आणि चरणाऱ्या जनावरांनीं राखलेलें आहे. आजही तेथील पशुपालक वसंतांत गवत जाळतात, तें झाडाझुडपांनीं कुरण गिळूं नये म्हणून. त्याच गवतांत प्रेअरी चिकन नांवाचा कोंबडीसारखा पक्षी जमिनीवर घरटें करितो, आणि उंच उभ्या वस्तूंच्या आसपास राहणें तो टाळतो. अशा जागीं माणसानें कायमचें कांहीं उभारण्यापूर्वी दहादां विचार करावा. पक्ष्यांचा विणीचा काळ टाळून दोन दिवस यावें, खेळावें आणि निघून जावें, हीच तेथें शोभणारी रीति होय. जमीन रिकामी दिसते, म्हणून ती निरुपयोगी असते असें नाहीं. माळ हा कोणाचें तरी घर असतो.

येथें आमच्या मताचें मर्म आहे. हंगामी क्रीडांगणाचा सर्वांत मोलाचा भाग खेळ संपल्यावर सुरू होतो. टोपल्या उचलावयाच्या, निशाणें उपटावयाचीं, दोर गुंडाळावयाचे, गवतांत राहिलेला प्रत्येक खुंटा शोधावयाचा. कारण विसरलेला एक खुंटा उद्यां गाईच्या पायांत किंवा गवत कापण्याच्या यंत्रांत जाईल. फाटक उघडें होतें तर उघडें, आणि लाविलेलें होतें तर लावून जावयाचें. ज्यानें जमीन दिली त्यानें दुसऱ्या दिवशीं येऊन पाहिलें, तर दबलेल्या गवतावांचून आपली खूण त्यास दिसतां कामा नये. जिंकलेल्या मुलानेंही हें काम करावयाचें आणि हरलेल्यानेंही. चषक स्वीकारण्यास जो हात पुढें होतो, तोच खुंटे वेंचण्यास पुढें होतो कीं नाहीं, हें पाहावें. मुलाचा अभ्यास किती झाला तें तेथें कळतें. मिळालेली वस्तु वापरणें सर्वांस येतें. वापरून ती धन्यास संतोष होईल अशी परत करणें थोड्यांस येतें. आपलीं घरें, आपल्या नद्या, आपलीं ग्रंथालयांतील पुस्तकें, हीं सारीं या दृष्टीनें उसनींच आहेत.

आतां आपल्याविषयीं दोन शब्द. आमच्या विद्यार्थ्यांस हा विचार अगदींच नवा वाटूं नये. पीक निघाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतांत दगडांच्या यष्ट्या मांडून क्रिकेट खेळणारीं मुलें, आणि गल्लींत कोळशानें रेषा ओढून लंगडी खेळणाऱ्या मुली, हंगामी क्रीडांगणच मांडीत असतात. उणीव असते ती मागण्याच्या आणि परत करण्याच्या शिस्तीची. शहरांतून मोकळ्या जागा दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि ज्या उरल्या आहेत त्यांच्या फाटकांवर "खेळण्यास मनाई आहे" अशा पाट्या लागत आहेत. या पाट्यांचा राग येणें स्वाभाविक आहे. परंतु त्यांतली कांहीं मनाई आमच्याच वर्तनानें ओढवून घेतलेली असते: फुटलेल्या कांचा, तुडविलेली रोपें, टाकलेला कचरा. ज्या मुलांनीं एकदां जागा मागून घेतली आणि ती आधींपेक्षां स्वच्छ करून परत दिली, त्यांस दुसऱ्यांदा "नाहीं" म्हणणारा मालक विरळा.

डिस्क गोल्फच खेळला पाहिजे, असा आमचा हट्ट नाहीं. पण खेळून पाहावयाचा असेल तर अडचण थोडी आहे. एक तबकडी, खांबाऐवजीं एखादी जुनी वेताची टोपली किंवा जमिनीवर आंखलेलें वर्तुळ, आणि मालकाच्या परवानगीची मोकळी, चढउताराची जागा एवढें पुरे. एक सावधगिरी मात्र कडकपणें पाळावी: उंचवट्यापलीकडे कोणी नाहीं अशी खात्री झाल्यावांचून कोणींही फेंक करूं नये, पलीकडे एक जण पाहावयास उभा करावा आणि त्यानें हात वर केल्यावरच तबकडी सोडावी. उडत आलेली कठीण कडेची तबकडी डोळ्यास लागली तर खेळाची सारी शोभा क्षणांत नाहींशी होते.

पालकांस आमची नम्र विनंति आहे, कीं मुलगा किंवा मुलगी सायंकाळीं धुळीनें भरून घरीं आली, म्हणजे "कोण जिंकलें?" हा प्रश्न अवश्य विचारावा, पण त्याच्या जोडीस दुसरा एक प्रश्न विचारावा, "जागा कशी ठेवून आलांत?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्या दिवसापुरतें असतें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मुलाच्या अंगीं मुरलें, तर पुढें तें ज्या गांवांत राहील, ज्या कचेरींत बसेल, ज्या शेतांत उभें राहील, तेथील लोकांस त्याचा उपयोग होईल. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस सांगणें एवढेंच, कीं कोणी मैदान बांधून देईल म्हणून वाट पाहात बसूं नका. जागा मागा, शब्द द्या, मनसोक्त खेळा, आणि निघतांना एकदां मागें वळून जमिनीवर नजर टाका. शेवटचा खुंटा उचलला गेला असेल, तर तीच जमीन पुढच्या वर्षीं तुमच्यासाठीं पुनः मोकळी असेल.